ठाण्यात राहून रोज चित्र काढायचं असेल तर: नव्यांसाठी काही पायऱ्या

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली, चांगली ग्रेडही मिळाली. मग दहावी आली, कॉलेज आलं, नोकरी आली आणि रंगाची पेटी माळ्यावर गेली. ठाणे आणि नवी मुंबईत अशी माणसं मला सतत भेटतात. कुणी तिशीतलं असतं, कुणी बँकेतून निवृत्त झालेलं. प्रश्न मात्र बहुतेक दोनच असतात. रोज वेळ कसा काढायचा? आणि रोज काढायचं तरी काय?

मी ठाण्यात जलरंग शिकवते, म्हणून इथली उदाहरणं जलरंगाची आहेत. बैठकीची रीत अ‍ॅक्रिलिकला आणि तैलरंगालाही लागू पडते. एक गोष्ट सुरुवातीलाच ठामपणे सांगते. प्रेरणा मिळाली की बसू असं म्हणणारे बसतच नाहीत. बसायची जागा आणि वेळ ठरली की काय काढायचं ते घरापासून दहा मिनिटांच्या अंतरात सापडायला लागतं. त्यासाठी लोणावळ्याला किंवा कोकणात जावं लागत नाही.

पहिली पायरी: न आवरावं लागणारं टेबल

स्टुडिओ म्हटलं की उंच छत, मोठी खिडकी आणि लाकडी इझल डोळ्यांसमोर येतं. वन बीएचकेत ते शक्य नाही आणि सुरुवातीला त्याची गरजही नाही. दोन बाय तीन फुटांचं टेबल पुरतं. अट एकच, ते रोज आवरावं लागता कामा नये. दिवाणाखालून पेटी काढा, वर्तमानपत्र पसरा, पाणी आणा, नंतर सगळं परत आत ठेवा, एवढं करावं लागलं तर चौथ्या दिवशी कंटाळा येतो. कपडे इस्त्री करायचं टेबल असेल, मुलांचं जुनं अभ्यासाचं टेबल असेल, ते चित्रासाठी वेगळं काढा आणि घरच्यांना स्पष्ट सांगा की यावर चाव्या, बिलं, भाजीच्या पिशव्या ठेवायच्या नाहीत. हे सांगायला संकोच वाटतो, पण सांगावंच लागतं.

इटलीतल्या बोलोन्या शहरात जॉर्जो मोरांदी (१८९० ते १९६४) नावाचा मोठा चित्रकार होऊन गेला. तो बहिणींबरोबर एका साध्या घरात राहायचा आणि झोपायची खोली हाच त्याचा स्टुडिओ होता. बाटल्या, बरण्या, डबे टेबलावर मांडायचे आणि रंगवायचे, हे त्यानं कित्येक दशकं केलं. जागा लहान आहे म्हणून हळहळणाऱ्या प्रत्येकाला मी त्याची चित्रं बघायला सांगते.

आता उजेड. उत्तरेची खिडकी चांगली, असं सगळीकडे लिहिलेलं असतं, कारण तिथून थेट ऊन येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. हा सल्ला थंड, दूर उत्तरेकडच्या देशांतला आहे. ठाणे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य भर दुपारीसुद्धा आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. मार्च अखेरपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो आणि मावळतोही उत्तरेकडे सरकून. म्हणून उन्हाळ्यात उत्तरेच्या खिडकीतही सकाळी आणि संध्याकाळी उन्हाची तिरपी पट्टी कागदावर येते. पांढरा सुती पडदा लावला की काम भागतं.

त्याहून मोठी अडचण समोरच्या इमारतीची. ती नुकतीच केशरी किंवा पिवळ्या रंगात रंगवली असेल, तर सकाळी तिच्यावर पडलेलं ऊन तुमच्या खोलीत केशरी होऊन येतं. मग तुम्ही घातलेला निळा तुम्हाला मळकट दिसतो आणि तुम्ही तो उगाच गडद करत बसता. कोऱ्या कागदाचा तुकडा टेबलावर वेगवेगळ्या वेळी ठेवून बघा. ज्या वेळी तो खरोखर पांढरा दिसतो ती तुमच्या खोलीची रंगकामाची वेळ. रात्री काम करायचं असेल तर ५००० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर असलेला एलईडी घ्या. दोन्ही आकडे खोक्यावर छापलेले असतात. उजव्या हातानं काम करत असाल तर दिवा डावीकडे ठेवा, म्हणजे हाताची सावली कागदावर पडणार नाही.

दुसरी पायरी: थोडंच सामान, पण बरं

इथे फार रेंगाळत नाही, कारण नवखी मंडळी सामानातच अडकतात.

कागदावर पैसे खर्च करा, रंगांच्या संख्येवर नको. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, शक्यतो शंभर टक्के कॉटनचा जलरंगाचा कागद घ्या. २२ बाय ३० इंचांचा पूर्ण शीट आणून त्याचे आठ तुकडे केले की प्रत्येक तुकडा साडेसात बाय अकरा इंचांचा होतो. पॅडपेक्षा हे बहुधा स्वस्त पडतं आणि रोजच्या बैठकीला हाच आकार योग्य आहे. कार्ट्रिज शीट, म्हणजे साधा ड्रॉइंगचा कागद, पेन्सिलीसाठी ठेवा. त्यावर पाणी घातलं की तो फुगतो आणि नवशिक्याला वाटतं आपला हातच वाईट.

रंग सहा: यलो ऑकर, लेमन यलो, बर्न्ट सायना, एक गुलाबीकडे झुकणारा लाल, अल्ट्रामरीन ब्लू आणि सेरुलियन किंवा कोबाल्ट. काळा घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना मिसळून येणारा करडा कुठल्याही विकतच्या काळ्यापेक्षा जिवंत असतो. निळा जास्त घातला तर पावसाळी आभाळाकडे जातो, सायना जास्त घातला तर ओल्या भिंतीकडे. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो, तो वाचायची सवय लावा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, मग कंपनी कुठलीही असो. पारंपरिक अ‍ॅलिझरिन क्रिमसन, म्हणजे पीआर ८३, उजेडात फिका पडतो. त्याऐवजी परमनंट असं लिहिलेला पर्याय बघा.

ब्रश तीन: एक मोठा गोल, एक मध्यम गोल, एक इंचाचा चपटा. पाण्याची दोन भांडी, एक धुवायला आणि एक स्वच्छ पाण्याचं. ही भांडी परत स्वयंपाकघरात जाता कामा नयेत आणि ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय लागू देऊ नका, काही रंगद्रव्यं विषारी असतात.

तैलरंग वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता तयार होते आणि चुरगळलेल्या फडक्यांच्या ढिगाला आपोआप आग लागू शकते. फडकी दोरीवर सुटी पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या डब्यात ठेवा. बंद खोलीत टर्पेंटाइन उघडं ठेवून काम करणंही टाळा.

तिसरी पायरी: पाऊण तासाची बैठक

सुरुवातीला पाऊण तास पुरे. सकाळची ७.४२ पकडणाऱ्याला सहा वाजता उठून बसणं जमेल, कुणाला रात्री मुलं झोपल्यावर. वेळ कुठलीही चालेल, पण रोज तीच हवी. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

पहिली पाच मिनिटं जुन्या वर्तमानपत्रावर फक्त रेषा आणि लंबगोल. मनगटानं नको, खांद्यापासून हात हलवून. पातेल्याचं तोंड, पेल्याचं तोंड, बादलीचं तोंड, सगळे लंबगोलच. ही पाच मिनिटं कंटाळवाणी वाटतात, पण हात सैल होतो आणि आज काय काढू हा विचार बाजूला पडतो.

पुढची दहा मिनिटं पेन्सिलीनं दोन इंचांच्या चौकटी. समोर जे आहे त्याकडे डोळे बारीक करून बघा म्हणजे तपशील पुसट होतात आणि फक्त उजेड-अंधाराचे मोठे तुकडे उरतात. तीनच छटा वापरा: कागदाचा पांढरा, मधला करडा आणि गडद. खिडकीचे गज, वायरी, पानं यातलं काही काढू नका. अशा तीन चौकटी केल्या की त्यातली एक चांगली निघतेच. नवखे ही पायरी गाळून थेट रंगाला हात घालतात आणि मग अर्ध्या तासानं चित्र कुठे नेऊ ते कळत नाही. माझ्या वर्गात मी या चौकटी बघितल्याशिवाय रंगाची पेटी उघडू देत नाही.

मग पंचवीस मिनिटं रंग. उदाहरणादाखल ठाण्यातल्या कुठल्याही खिडकीतून दिसणारं दृश्य घेऊ: समोरच्या जुन्या इमारतीची गच्ची, तिच्यावर काळी पाण्याची टाकी, गळतीवर घातलेली निळी ताडपत्री आणि भिंतीवरून खाली आलेले शेवाळाचे ओघळ.

कागद लावलेल्या बोर्डाला एका बाजूनं जरा उंची द्या. आभाळ आणि भिंत एकाच वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या सलग ओल्या थरात, घाला, आभाळाला पातळ निळा-करडा, भिंतीला ऑकरमध्ये किंचित गुलाबी. दोन्ही ओलं असतानाच एकमेकांत मिसळू द्या. आता ब्रश खाली ठेवा आणि कागदाकडे तिरकं, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर डोळा आणून बघा. आधी पाणी साचलेलं दिसेल. मग नुसती चकाकी. मग चकाकी जाईल, पण तळहाताची मागची बाजू कागदाला हलकेच लावली तर गार लागेल. शेवटी तो गारवाही जाईल.

जलरंगाचं अर्धं कसब या चार अवस्था ओळखण्यात आहे. शेवाळाचे ओघळ चकाकी असताना सोडले तर ते मऊ पसरतात. चकाकी गेलेल्या पण गार असलेल्या कागदावर पाण्यानं भरलेला ब्रश टेकवलात तर नवं पाणी जुन्या रंगाला ढकलत नेतं आणि दातेरी कडेचा डाग उमटतो. त्या अवस्थेत फक्त घट्ट रंग चालतो, तोही ब्रश फडक्यावर टिपून. टाकीच्या आणि ताडपत्रीच्या कडा धारदार हव्या असतील तर गारवा जाईपर्यंत थांबायचं. थांबवत नाही, हात शिवशिवतो. तेवढ्या वेळात पुढचा रंग कालवून ठेवा.

टाकी काळी असली तरी काळी रंगवू नका. तिच्यावर आभाळाचा उजेड पडलेला असतो, वरचा भाग करडा-निळा आणि खालचा गडद. ताडपत्रीच्या सुरकुत्या मोजत बसू नका. एक मोठा निळा तुकडा, त्यात दोन-तीन गडद घड्या, बास.

पंखा बंद ठेवा किंवा अगदी हळू. वरून वारा आला की वॉश एका बाजूनं लवकर सुकतो आणि नको तिथे कड येते.

शेवटची पाच मिनिटं ब्रश धुवा, गार पाण्यानं. धुतलेले ब्रश आडवे सुकू द्या, मग पेल्यात उभे ठेवा, केस वर. वेळ संपली की चित्र अर्धवट असलं तरी उठा. उद्या नेमकं कुठून सुरू करायचं ते ठाऊक असताना उठलात तर दुसऱ्या दिवशी बसायला जोर लावावा लागत नाही.

चौथी पायरी: नोंदवही

शंभर पानी वही पुरते. रोज तीन-चार ओळी. नोंद कशी असावी ते दाखवते:

«मंगळवार, सकाळी ७.१०. ऊन डावीकडून, टाकीच्या मागे. ताडपत्रीची सावली निळी वाटली होती, ती जांभळट आहे. अल्ट्रामरीनमध्ये थोडा लाल. भिंत फार गोड झाली. उद्या भिंतीत सायना जास्त.»

चित्र छान झालं, मजा आली, असं लिहून उपयोग नाही. काय बघितलं, काय मिसळलं आणि उद्याचा प्रश्न काय, एवढंच. दोन महिन्यांनी हीच वही तुमचं सगळ्यात विश्वासाचं रंगांचं पुस्तक होते, कारण त्यातला उजेड तुमच्या घराचा असतो.

प्रभाकर बरवे (१९३६ ते १९९५) यांच्या डायऱ्या प्रसिद्ध आहेत. रायगड जिल्ह्यातल्या नागावचा हा चित्रकार विणकर सेवा केंद्रात अनेक वर्षं नोकरी करत होता आणि चित्रांबद्दलचा विचार, रेखाटनं, मांडणीचे आराखडे डायऱ्यांमध्ये उतरवत होता. पान, किल्ली, घड्याळ, क्लिप अशा हाताशी असलेल्या वस्तू त्यांच्या चित्रांत येतात. नोकरी सांभाळून चित्रकला होत नाही असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मला बरवे आठवतात.

पाचवी पायरी: एक जागा निवडा आणि तिथेच जात राहा

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते इथे.

नवखा चित्रकार दर रविवारी नवी जागा शोधतो. एकदा येऊर, एकदा बेलापूरचा किल्ला, एकदा थेट वसई. प्रत्येक जागी तो पहिल्यांदाच आलेला असतो, म्हणून प्रत्येक जागेचं त्याला तेवढंच दिसतं जेवढं कुठल्याही पाहुण्याला दिसतं. मी सांगते, वर्षभरासाठी एक जागा घ्या. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच कट्ट्यावर बसा.

आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि कोल्हापूरला परतले. रंकाळा, पंचगंगेचा घाट, कोटीतीर्थ, असा आपल्याच गावचा परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. १९३१ मध्ये ते गेले. आजही रंकाळ्याच्या पाण्यावरचा उजेड म्हटलं की जाणकारांना त्यांची निसर्गचित्रं आठवतात. पाणी तेच, घाट तोच, आणि तरीही चित्रं वेगवेगळी, कारण माणूस बघत राहिला.

ठाण्यात आपल्याकडे पाण्याची कमी नाही. मासुंदा तलावावर सकाळी साडेसहाला गेलात तर पाणी शांत असतं आणि कोपिनेश्वराच्या बाजूची झाडं पाण्यात उतरलेली दिसतात. संध्याकाळी तिथे चौपाटीची गर्दी असते, ते चित्र वेगळं. उपवनला मागे येऊरचा डोंगर आहे, त्यामुळे अंतर रंगवायला शिकण्यासाठी ती जागा उत्तम. पुढची झाडं उबदार हिरवी, मधली करडी, डोंगर निळसर. फेब्रुवारीत धुरकट हवेत हा फरक डोळ्यांना लगेच दिसतो. पहिल्या पावसानंतर हवा धुतली जाते आणि तोच डोंगर अचानक जवळ आल्यासारखा वाटतो. ज्यानं फेब्रुवारीत तो रंगवला आहे त्यालाच जूनमधलं हे जवळ येणं कळतं.

पण माझी शिफारस खाडीची. नवी मुंबईकरांनी वाशीचं सागर विहार घ्यावं, ठाणेकरांनी चेंदणी कोळीवाड्याची बाजू. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे तुम्ही दर रविवारी सकाळी सातलाच गेलात तरी पाणी दर वेळी वेगळ्या पातळीला असतं. एका रविवारी तिवरांच्या बुंध्यापर्यंत पाणी, पुढच्या रविवारी नुसता चिखल आणि त्यात कलंडलेली होडी. साधारण पंधरवड्यानं पाणी पुन्हा पहिल्या जागी येतं, पण तोवर उजेड बदललेला असतो. विषय शोधावा लागत नाही, तो खाडीच बदलून देते. कोळीवाड्यातल्या जाणत्या माणसाला पाण्याबद्दल विचारा, «अजून तासभर चढेल, मग बघा» असं अचूक उत्तर मिळतं, आणि त्या तासात होडीचा कोन कसा बदलतो ते पाहायला मिळतं.

खाडीच्या चिखलाला बहुतेक जण तपकिरी रंग देतात. नीट बघा. ओला चिखल आभाळ परत दाखवतो, म्हणून सकाळी तो रुपेरी-निळा असतो आणि सुकत आलेला भाग उबदार करडा. तिवरांचं पान वरून गडद हिरवं आणि खालून फिकट राखाडी असतं. वारा आला की पानं उलटतात आणि अख्खं झाड क्षणभर राखाडी होतं. नुसता हिरवा लावून तिवर कधी जमत नाही, त्यात ऑकर आणि थोडा करडा हवाच.

हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत. ठाणे खाडीच्या एका भागाला २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ म्हणून जाहीर झाली. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून ते बघता येतात. चित्र काढताना एकेक गुलाबी पक्षी काढत बसू नका. लांबून ती चिखलावरची एक फिकी पट्टी असते, कुठे कागदाचा पांढरा, कुठे किंचित गुलाबी, पाय तर दिसतच नाहीत. थवा उडाला की पंखांतला गडद लाल आणि काळा एकदम उघडतो. तो क्षण रंगवण्याआधी वहीत शब्दांत लिहून ठेवा.

इमारतींची आवड असेल तर सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज बघा. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेली ही बैठ्या घरांची वसाहत छोट्या सामाईक अंगणांभोवती रचलेली आहे. लोकांनी नंतर मजले चढवले, ग्रिल बसवल्या, रंग बदलले. मूळ मांडणी आणि वरून आलेलं राहणं असं दोन्ही एका चौकटीत पकडायला मिळतं.

बाहेर बसताना साध्या गोष्टी पाळा. खाडीच्या चिखलात उतरू नका, पाय रुततो. येऊरला वनखात्याचे वेळेचे निर्बंध असतात, ते विचारून जा. कुणाच्या घराकडे तोंड करून बसणार असाल तर आधी घरच्यांना सांगा. चित्र बघायला मुलं जमतात, त्यांना एक कागद देऊन टाका.

आणि फोटोवरून रंगवणं? स्वतः काढलेला फोटो आठवणीसाठी ठीक आहे. पण मोबाइल सावल्या काळ्या करतो किंवा उजेड पांढरा करतो, मधल्या छटा खातो. तुम्हाला शिकायच्या आहेत त्या नेमक्या याच छटा.

सहावी पायरी: माणसं आणि हात

ठाणे ते वाशी ट्रान्स हार्बर लोकलनं अर्धा तास लागतो. बसायला जागा मिळाली तर हा अर्धा तास रेखाटनासाठी फार चांगला. खिशात मावेल अशी वही आणि एक बॉलपेन. खोडरबर नको. समोरचा माणूस ऐरोलीला उतरेल की घणसोलीला ते माहीत नसतं, म्हणून आधी डोकं, खांदे आणि पाठीचा कल एका रेषेत पकडायचा. चेहऱ्याच्या मागे लागू नका. झोपलेल्या माणसाची मान, पिशवी धरलेली बोटं, दांडीला लटकलेला हात हे पुरेसं असतं. एम. व्ही. धुरंधर यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईतली माणसं, त्यांचे पोशाख आणि चालायची ढब रेखाटून ठेवली. त्यांच्या छापील पोस्टकार्डांतली मुंबई आजही ओळखू येते, ती या निरीक्षणामुळे. कुणाला आवडत नाही असं दिसलं तर वही बंद करा.

जांभळी नाक्याचा बाजार सकाळी बघा. एप्रिल-मेमध्ये वाशीच्या फळबाजारात आंब्याच्या पेट्या आणि पेंढा यांचा पिवळा रंग भरून राहिलेला असतो. पाडव्याला कोपिनेश्वराच्या स्वागतयात्रेत रांगोळ्या असतात. हे सगळं तुम्हाला माहीत आहेच.

एक जागा मात्र चित्र शिकणारे सहसा विसरतात, ती म्हणजे गणपतीचे कारखाने. आषाढापासून तिथे रंगकाम जोरात असतं. डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराजवळ परवानगी घेऊन उभं राहा. ब्रशला रंग घेतल्यावर तो आधी अंगठ्याच्या नखावर टोक टिपतो. करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवतो, श्वास रोखतो आणि वरच्या पापणीची रेषा एका दमात ओढतो. रेषा सुरू होताना बारीक, मध्यावर भरलेली आणि कोपऱ्याशी परत बारीक होते. दाब फक्त बोटांचा, मनगट स्थिर. घरी येऊन तीच रेषा वर्तमानपत्रावर पानभर ओढा. ब्रशवरचा ताबा इतका स्वच्छ क्वचितच कुठे बघायला मिळतो, आणि तो आपल्या गल्लीत आहे.

पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक

जून ते सप्टेंबर ठाण्यात कागद सुकत नाही. ज्या वॉशला मेमध्ये पाच मिनिटं लागतात तो जुलैत वीस मिनिटं ओला राहतो. याचा फायदा घ्या: ओल्यावर ओलं काम करायला, ढग आणि धुकं शिकायला हे दिवस सोन्याचे. एकाच वेळी दोन छोटी चित्रं सुरू ठेवा म्हणजे एक सुकेपर्यंत दुसऱ्यावर काम होतं.

कोरे कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. दमट कागदावरची खळ, म्हणजे पाणी लगेच मुरू न देणारा लेप, जाते आणि मग रंग डागाडागानं शोषला जातो. पॅलेट ओला असताना झाकण लावू नका, दोन दिवसांत बुरशी धरते. पूर्ण झालेली चित्रं भिंतीला टेकवून ठेवू नका, बाहेरच्या भिंतीत ओल असते. कपाटात आडवी, मध्ये बटर पेपर घालून ठेवा.

सातवी पायरी: आठवड्याचा हिशेब आणि दुसऱ्यांची चित्रं

आठवड्यातून एकदा सगळे तुकडे जमिनीवर मांडा आणि उभं राहून बघा. मग एकेक उलटं करून बघा, आरशात बघा. आरशात बघण्याचा सल्ला लिओनार्दोनं आपल्या टिपणांत दिलेला आहे आणि तो आजही तितकाच कामाचा आहे, कारण उलट प्रतिमेत वाकडी झालेली भिंत लगेच डोळ्यांत भरते. फाडू काहीच नका. मागच्या बाजूला तारीख आणि जागा लिहा आणि ठेवून द्या. रोज समाजमाध्यमांवर टाकायची घाई करू नका. लोकांना आवडलेला संधिप्रकाश मग तुम्ही परत परत काढत बसता आणि करड्या रंगाचा अभ्यास मागे पडतो. हे मी अनेकांच्या बाबतीत होताना पाहिलं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं.

महिन्यातून एकदा प्रत्यक्ष चित्रं बघायला जा. ठाण्यात कापूरबावडीला महापालिकेचं कला भवन आहे. सीएसएमटीला उतरून काळा घोडा चालत गाठता येतो. तिथे १९५२ मध्ये सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी आहे, जवळच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि वस्तुसंग्रहालयातली लघुचित्रं. सगळी दालनं फिरून पाय दुखवून घेण्यापेक्षा एक चित्र निवडा आणि त्याच्यासमोर वीस मिनिटं थांबा. वहीत त्याची तीन छटांची चौकट काढा. मग जवळ जाऊन कडा बघा, कुठे धारदार, कुठे विरघळलेल्या. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं चित्र बघायला मिळालं तर ही वीस मिनिटं कमी पडतील. ते वर्षाला मोजकीच चित्रं करत, आणि रंगाचे थर रोलरनं चढवत, पात्यानं काढत. छापील प्रतीत ते थर दिसत नाहीत.

हात अडला, काहीच जमेना, असे दिवस येतात. तेव्हा बैठक मोडू नका, काम सोपं करा. फक्त बर्न्ट सायनानं एका रंगाचं चित्र. किंवा कागदाकडे न बघता स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्याचं रेखाटन. किंवा एखाद्या आवडत्या चित्रकाराच्या चित्रातला चार इंचांचा तुकडा जसाच्या तसा उतरवणं. हेही नको वाटलं तर सहाही रंग एकमेकांत मिसळून छटांचा तक्ता करा, तो पुढे वर्षभर कामाला येतो.

मोठं कधी काढायचं, हा प्रश्न साधारण सहा महिन्यांनी येतो. साडेसात बाय अकराच्या कागदावर तुमचे आकार कडेबाहेर जायला लागले, एका वॉशमध्ये आभाळ संपून हात अजून पुढे जाऊ पाहतोय असं वाटलं की पाव शीट घ्या, मग अर्धा. आकार दुप्पट केला तर ब्रशही मोठा घ्या, नाहीतर जुन्याच ब्रशनं तुम्ही तपशील भरत बसाल. रंग आधीच जास्त कालवून ठेवा, वॉशच्या मध्यात रंग संपला तर तीच छटा परत मिळत नाही. अर्धा शीट टेबलावर मावत नसेल तर चारही बाजूंनी टेपनं प्लायवर चिकटवा आणि प्लाय खुर्चीच्या पाठीला टेकवून उभ्यानं काम करा. ओघळ खाली येतात, त्यासाठी खाली जुनं गोणपाट अंथरा.